माझी आठ कडवी पडद्यावर न उमटल्याबाबत

प्रति,
मा. प्रेक्षक गाऱ्हाणी अधिकारी,
व्हाल-नोर्त प्रादेशिक दूरचित्रवाणी,
ब्रागा.

अर्जदार : एर्मेलिंदा दा कॉन्सेइसाँव फ्रेइताश, वय ७०, निवृत्त विणकर, मु. साँव मामेद, गिमाराइंशजवळ.

विषय : दि. १२ मे रोजी आपण थेट दाखवलेल्या सवाल-जवाबाच्या गाण्यात ओलिंपिया बार्रोझो हिची आठही कडवी खालच्या अक्षरपट्टीत पूर्ण देऊन माझ्या सात कडव्यांच्या जागी ‘[संगीत सुरू]’ एवढेच व आठव्याच्या जागी काहीच न लिहिल्याबाबत, व दि. ३० जून रोजी तोच कार्यक्रम पुन्हा दाखवण्यापूर्वी ते दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, दि. १७ मे.
२) आपले दि. ३ जूनचे उत्तर, ज्यात माफीचा शब्द नाही.
३) दि. ५ जून रोजी आपल्या कार्यालयातील बाईंशी दूरध्वनीवर झालेले बोलणे, ज्यात त्यांनी मला दोनदा थांबायला लावून पियानो ऐकवला.

साहेब, किंवा बाईसाहेब, जे कोणी हे पाकीट फोडतील ते,

१. हा अर्ज मी माझ्या हाताने लिहीत आहे. सून ग्रासिंदा म्हणाली, ‘आई, मी टाइप करून देते, नीटनेटका दिसेल.’ मी म्हटले, ‘नीटनेटके अर्ज तुझ्या माहेरी पाठव. हा माझा आहे.’ शाळा मला दोनच वर्षे मिळाली, त्यातले एक वर्ष मास्तरणीची शेळी राखण्यात गेले. अक्षरे मी चौतिसाव्या वर्षी गिरणीच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले. तेव्हा ओळी वर-खाली गेल्या असतील तर मान तिरकी करून वाचावे. मजकूर सरळ आहे.

२. आमच्या गावात दोन पिढ्या एकाच गिरणीत विणायला होत्या. एका छपराखाली तीनशे माग. गिरणी बंद होऊन सतरा वर्षे झाली, पण आमचे कान काही कोणी परत दिले नाहीत. माझा डावा गेला, उजवा कामापुरता आहे. माझा नवरा अल्बानो याचे दोन्ही गेले. बेर्नार्दिनोच्या कॅफेत टीव्हीचा आवाज कायमचा बंद असतो, कारण आम्हाला पुरेल एवढा मोठा केला तर बाकीच्यांना तिथे बसवत नाही. फुटबॉल असो, मंत्र्याचे भाषण असो, पाद्रीबाबांची मिस्सा असो, सगळे गाव पट्टी वाचते. पट्टी उशिरा येते, हे आम्ही चालवून घेतले आहे. हवामानवाल्या बाईंचा पाऊस पट्टीत उतरेपर्यंत दोरीवरचे कपडे भिजलेले असतात, तरी आम्ही कधी पत्र पाठवले नाही. पण हे ध्यानात घ्यावे की साँव मामेदमध्ये जे पट्टीत आले ते बोलले गेले, आणि जे आले नाही ते झालेच नाही.

३. आता मूळ गोष्ट. दि. १२ मे रोजी वरच्या टेकडीवरच्या देवळाच्या जत्रेत ओलिंपियाचे व माझे सवाल-जवाब झाले. आपण ब्रागाला राहता, तेव्हा रीत माहीत असेलच, तरी अर्जात सर्व लिहावे असे म्हणतात म्हणून लिहिते. अकॉर्डियन वाजत राहतो. एकीने चार ओळींचे कडवे तिथल्या तिथे रचून दुसरीला टोचायचे, दुसरीने त्याच चालीवर परत टोचायचे. पाठ केलेले चालत नाही. जिचे कडवे उत्तराविना राहिले ती जिंकली. शेवटचे कडवे निरोपाचे असते. त्यात समोरचीला चार गोड शब्द बोलून उतरायचे. मी निरोपाचे कडवे ओलिंपियाला दिले नाही. ते मी अल्बानोला उद्देशून गायले. त्यात असे काही होते जे मी त्याला आजवर सांगितलेले नाही. अल्बानो टेकडीवर नव्हता. त्याचे गुडघे चढ चढत नाहीत, आणि बहिऱ्या माणसाला मांडवापेक्षा पडदा बरा, म्हणून तो व गिरणीतले बाकीचे खाली कॅफेत पट्टी वाचत बसले होते. ते कडवे त्याला पोचले नाही. या अर्जाचे मूळ एवढेच आहे. पुढे जे लिहीन ते रागाने लिहीन, म्हणून हे आधी थंड डोक्याने लिहून ठेवले.

४. सहा वाजता मी टेकडी उतरून आले. अंगावर सणाचा काळा घागरा, गळ्यात आईचे सोन्याचे बदाम. कॅफेच्या दारात मी थांबले. मला वाटले अल्बानो उठेल. निदान मान वर करील. तर आत हसण्याचा गदारोळ चाललेला. बेर्नार्दिनो ओठ मोठे मोठे हलवून मला म्हणाला, ‘ये, एर्मेलिंदा, बस. हरल्यावर वाईन आमच्याकडून.’ मी विचारले, ‘कोण हरलं?’ तो म्हणाला, ‘अगं, तिनं आठ हाणली आणि तू नुसती वाजवत उभी!’ मी म्हटले, ‘मी काय अकॉर्डियन आहे?’ यावर सगळे पुन्हा हसले. अल्बानो तर टेबलावर थापा मारत होता. त्याची तांबडी वाईन वाडग्यातून बाहेर उडत होती. आणि मला बघून त्याने काय करावे? ओलिंपियाचे कडवे म्हणून दाखवले. बहिऱ्या माणसाच्या आवाजात, सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असे :

तीनशे माग गिरणीत
आदळत होते जरी,
अल्बानोचे कान गेले
ते बायकोमुळेच घरी!

साहेब, अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात माझे एक वाक्य या माणसाने पाठ केलेले नाही. ‘येताना मीठ आण’ हेसुद्धा दुकानाच्या पायरीवर विसरतो. तिच्या चार ओळी त्याला एका वाचनात पाठ.

५. बेर्नार्दिनोच्या टीव्हीला एक डबा आहे, त्यात झालेले कार्यक्रम महिनाभर राहतात. दुसऱ्या दिवशी मी तो कार्यक्रम तीनदा लावून बघितला. जे बघितले ते क्रमाने नोंदवते. ओलिंपियाचे प्रत्येक कडवे पूर्ण, चारही ओळी, पिवळ्या अक्षरांत. भिंतीवरच्या घड्याळाने मोजले, प्रत्येक सात सेकंद पडद्यावर. मग मी तोंड उघडते, आणि खाली कंसात, पांढऱ्या बारीक अक्षरांत, ‘[संगीत सुरू]’. मी हात हलवते आहे, मान उडवते आहे, मागची माणसे पोट धरून हसत आहेत, आणि खाली ‘[संगीत सुरू]’. सात वेळा. आठव्या वेळी तर तेही नाही, पडदा कोराच. शिवाय ध्वनिक्षेपक मी तोंडाला लावून धरला होता, कारण मला तसेच शिकवले आहे. त्यामुळे ओठही दिसत नाहीत. आम्ही गिरणीतले लोक मागांच्या खडखडाटात एकमेकांचे ओठ वाचून बोलत आलो. अल्बानोला ओठ वाचायला मीच शिकवले, सदुसष्ट आणि अडुसष्ट नंबरच्या मागांवरून. ओठ दिसले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता. ओलिंपियाने ध्वनिक्षेपक छातीपाशी धरला होता. तिचे दात अजून तिचे स्वतःचे आहेत, ते जगाला दिसावेत म्हणून. म्हणजे तिचे ओठही दिसले आणि अक्षरेही दिसली. एका बाईला एका दुपारी इतके मिळावे, हे कोणत्या नियमात बसते ते कळवावे.

६. दूरध्वनीवर आपल्या बाई सभ्यपणे बोलल्या, हे मान्य करते. त्यांच्याकडून कळले की थेट कार्यक्रमाची पट्टी लिस्बनला बसून करतात. तिथे एक जण कानाला यंत्र लावून ऐकतो, ऐकलेले स्वच्छ उच्चारात पुन्हा बोलतो, आणि ते ऐकून यंत्र अक्षरे उमटवते. त्या म्हणाल्या, ‘आजी, तुमचे शब्द आमच्या माणसाला कळले नाहीत. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असा आमचा नियम आहे.’ मी विचारले, ‘आणि तिचे कसे कळले?’ त्या म्हणाल्या, ‘त्यांचे उच्चार फार स्पष्ट आहेत हो.’ स्पष्ट असणारच. ओलिंपिया चार वर्षे लिस्बनला डॉक्टरांच्या घरी चांदीचे चमचे पुसायला होती. तिथून ती ते उच्चार घेऊन आली. चमचे आणले की नाही ते मला ठाऊक नाही. मी साँव मामेदचे बोलते. माझी आई बोलत होती तसे, आणि गाण्यात त्याहून भरभर. यंत्रात पुन्हा बोलणाऱ्या त्या गृहस्थांना उत्तरेकडचे गाणे कळत नसेल, तर त्यांनी उत्तरेकडची एखादी बायको करावी किंवा दुसरे काम बघावे. माझ्या तोंडाला कंस घालू नये.

७. आता आपल्या ३ जूनच्या उत्तराकडे वळते. आपण लिहिता की अक्षरपट्टीच्या दर्जाबाबत आपण प्रेक्षकांची मते मागवली, साँव मामेदमधून चौदा छापील नमुने भरून आले, चौदाही ‘समाधानी’ किंवा ‘अत्यंत समाधानी’ आहेत, ‘सबब आपल्या तक्रारीत तथ्य आढळत नाही’. साहेब, ते चौदाही जण मला ठाऊक आहेत. त्यातल्या सहांची सुते मी तुटल्यावर जोडून दिलेली आहेत. एकालाही ऐकू येत नाही. त्यांना जे पट्टीत दिसले ते त्यांनी वाचले, आवडले, ‘समाधानी’वर फुली मारली. जे पट्टीत आलेच नाही ते त्यांना दिसणार कुठून, आणि त्याबद्दल ते असमाधानी होणार कसे? अर्धे ताट वाढून ‘पोट भरले का’ असे त्याला विचारायचे ज्याला पूर्ण ताट कसे असते तेच माहीत नाही, आणि तो हो म्हणाला की स्वयंपाकिणीला शाबासकी द्यायची! मते घ्यायचीच असतील तर एक ऐकणारा आणि एक न ऐकणारा शेजारी शेजारी बसवा, आणि दोघांनी काय बघितले ते ताडून बघा. एवढी अक्कल मला दोन वर्षांच्या शाळेत आली, त्यातले एक शेळीमागे गेले असूनही.

त्या चौदांत एक नमुना अल्बानोचा आहे. आपल्या बाईंनी दूरध्वनीवर वाचून दाखवला. फुली ‘अत्यंत समाधानी’वर. ‘अधिक सूचना’ या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ‘ओलिंपियाचे फार छान आले.’ बाईंनी ते कौतुकाने वाचले. मी यंत्र खाली ठेवले. संभाषण मध्येच तुटले असे आपल्याकडे नोंदवले असल्यास ते तुटले नव्हते, मी तोडले.

८. पुढचे खाजगी आहे. परंतु अधिकाऱ्याने निर्णय करायचा तर त्याला सर्व माहीत असावे.

अल्बानो आधी ओलिंपियाचा होता. सदुसष्ट साली तो आफ्रिकेत लढाईवर निघाला, तेव्हा आमच्याकडच्या रितीप्रमाणे तिने त्याला रुमाल भरून दिला. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने पक्षी, किल्ली, हृदय, आणि चारी कडांना चार ओळींचे कडवे. मुलाने तो खिशातून दिसेल असा लावला की ठरले. त्याने लावला. बोटीत चढतानाचा त्याचा फोटो आहे, त्यात रुमाल त्याच्या तोंडापेक्षा स्पष्ट आला आहे. मला तेव्हा अक्षर येत नव्हते. पक्षी मीही भरला असता, पण नुसता पक्षी काय सांगणार? तो परत आला, गिरणीत त्याला माझ्या शेजारचा माग मिळाला, आणि दोन वर्षांनी त्याने माझ्याशी लग्न केले. मी एकदाच विचारले, का. तो म्हणाला, ‘तू समोर होतीस.’ पुन्हा विचारले नाही. ओलिंपियाने खाणीच्या मुकादमाशी लग्न केले, तोही आता गेला. तो रुमाल आमच्या कपाटात अजून आहे. मी दर वर्षी धुते, इस्त्री करते, घडीवर घडी घालून परत ठेवते. फेकला असता तर तिला वाटले असते की मला तिची भीती वाटते.

तर साहेब, हिशेब बघा. तिचे लिहिलेले या माणसाला दोनदा मिळाले, एकदा कापडावर, एकदा आपल्या पडद्यावर. माझे एकदाही नाही. आपण विचाराल, घरातल्या घरात ओठ हलवून का सांगत नाही. ओठांनी मी त्याला दिवसभर सांगते : सूप निवतंय, पाय पूस, औषध घेतलंस का, सदऱ्याचं ते भोक माझ्या आजीलाही दिसलं असतं, मग तुला का दिसत नाही. त्याच ओठांनी, सूप आणि पाय यांच्यामध्ये, हे सांगायचे नाही. सगळ्या गावासमोर, चालीवर, मान वर करून सांगायचे होते, आणि मी ते तसे सांगितले. पुन्हा घरी सांगणे म्हणजे मागणे झाले. मी मागत नाही.

९. आपल्या बाई म्हणाल्या होत्या की कडव्यांचा मजकूर लेखी पाठवला तर पुनःप्रक्षेपणासाठी ‘विचार होऊ शकेल’. इथे अडचण आली. हे गाणे जिथल्या तिथे सुचते आणि तिथेच जाते. गाणारीला स्वतःचे आठवत नाही, कारण तिचे सगळे लक्ष समोरचीकडे असते. काय म्हटले ते मला मोघम माहीत होते, शब्द नव्हते. ग्रासिंदाने डब्यातून ऐकून लिहायचा प्रयत्न केला. अर्धे तिला कळले, अर्धे अकॉर्डियनने खाल्ले. आठवे लागले तेव्हा मी तिला दूध उतू जातंय का बघायला घरी पाठवले. दूध चुलीवर नव्हते. ती परत आली तोवर मी यंत्र बंद केले होते.

मग माझ्या ध्यानात आले की माझी कडवी शब्दन्‌शब्द एकाच माणसाने ऐकलेली असणार. जिला त्यांची उत्तरे द्यायची होती तिने.

दि. ७ जून रोजी सकाळी मी ओलिंपियाच्या दाराशी गेले. मंचावर आम्ही वर्षातून दोनदा भेटतो, तेवढे दोघींना पुरते. तिच्या उंबऱ्याच्या आत मी लग्नानंतर पाऊल ठेवले नव्हते. तिने दार उघडून विचारले, ‘कोण गेलं?’ मी म्हटले, ‘अजून कोणी नाही. माझी कडवी दे.’ ती म्हणाली, ‘तुझी कडवी माझ्याकडे काय करताहेत?’ मी म्हटले, ‘पट्टीत आली नाहीत. तुझी सगळी आली, पिवळी.’ ती म्हणाली, ‘बघितलं मी. भाचीनं फोटो काढून पाठवलेत.’ आणि हसली. सगळे दात. मग म्हणाली, ‘ये आत. पाय पूस.’

तिच्या खिडक्यांच्या पडद्यांना माझ्यापेक्षा जास्त जाळी आहे. केक दिला, तो कोरडा होता. मी वही काढली. ती बोटांवर मोजत एकेक कडवे सांगू लागली. साहेब, एक शब्द अडला नाही. मी म्हटले, ‘हळू सांग.’ ती म्हणाली, ‘छत्तीस वर्षं झाली की गं शिकून, अजून हात बसला नाही?’ मी म्हटले, ‘मी लिहिताना विचार करते. तू करत नाहीस, म्हणून तुझं भरभर होतं.’ तिसरे सांगताना ती थांबली, स्वतःशीच मान हलवली, आणि म्हणाली, ‘हे मला दोन दिवस टोचत होतं.’ ते तिच्या कानांच्या कडव्याला मी दिलेले उत्तर. ते असे :

कान त्याचे मीच नेले,
खरे तुझे बोलणे, बाई;
तुझे गाणे त्या कानांत
पुन्हा कधी शिरले नाही.

वाचून पाहावे, आणि मग मला सांगावे की यात ‘[संगीत सुरू]’ कुठे आहे.

सातवे झाले. आठव्याला ती माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत म्हणाली :

रुमाल मी दिला नाही,
अक्षर येत ना तधी;
अल्बानो, मी तुझी झाले
तू मला बघण्याआधी.

माझी पेन्सिल थांबली होती. ती म्हणाली, ‘लिही ना. की आता लाज वाटते?’ मी लिहिले. मग ती म्हणाली, ‘मला हे तेव्हापासून ठाऊक होतं. मी तो रुमाल भरत होते तेव्हा शेजारी बसून सुईत दोरा कोण ओवून देत होतं? पक्षी होता तोवर बरोबर ओवत होतीस. त्याच्या नावाची अक्षरं आली आणि तुझा दोरा दर वेळी चुकायला लागला.’ मी म्हटले, ‘उजेड कमी होता.’ ती म्हणाली, ‘हो. अंगणात, भर दुपारी.’

मी विचारले, ‘आठव्याला उत्तर का दिलं नाहीस?’ कारण ती तेव्हा गप्प राहिली होती. निरोपाचे तिने आधीच म्हणून टाकले होते, आणि माझ्यानंतर तिला अजून एक घेता आले असते. अकॉर्डियनवाल्याने चाल दोनदा फिरवून तिला वाट करून दिली होती. ती म्हणाली, ‘सुचलं होतं की. पण ते खोटं झालं असतं, आणि तू ते ओळखलं असतंस.’

म्हणजे नियमाप्रमाणे मी जिंकले. हे टेकडीवर ज्यांनी ऐकले त्यांना कळले, पण ते सगळे बसने आलेले परगावचे. गावाला पट्टीने सांगितले ते खरे. ओलिंपियाने मजकूर बरोबर असल्याबद्दल सही दिली. देताना म्हणाली, ‘माझ्या कडव्यांतलं एक अक्षर कमी करायला सांगितलंस तर मीही अर्ज करीन. आणि माझा अर्ज त्यांना कळेल.’

१०. तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे व्हावे.

(अ) माझी आठही कडवी सोबतच्या मजकुराप्रमाणे पट्टीत यावीत. पिवळ्या अक्षरांत. पिवळा रंग एकीलाच पुरेल एवढा असेल तर दोघींना पांढरा द्यावा.

(ब) प्रत्येक कडवे सात सेकंद. तिचे सात आणि माझे सहा असे झाल्यास मला कळेल. बेर्नार्दिनोचे घड्याळ मी बघून घेतले आहे, ते बरोबर चालते.

(क) वरील जमत नसल्यास तिच्याही आठ कडव्यांच्या जागी ‘[संगीत सुरू]’ असे लिहावे. ती अर्ज करील, पण तो आपण नंतर बघावा.

(ड) तेही जमत नसल्यास तिच्या प्रत्येक कडव्यानंतर ‘या बाईंना उत्तर मिळाले होते’ अशी एक ओळ द्यावी.

(इ) तेही नको. (क) आणि (ड) मी रागात लिहिले, खोडले तर कागद घाण होतो म्हणून राहू दिले. तिची राहू द्यावीत. ती चांगली आहेत. कानांचे कडवे मला स्वतःला सुचले असते तर मीही म्हटले असते. माझी पहिली सात आली नाहीत तरी चालतील. त्यांच्याबद्दल मी गावाशी तोंडी निकाल लावीन, तेवढे माझे तोंड समर्थ आहे. फक्त आठवे यावे. ते सात सेकंद न ठेवता पंधरा ठेवावे, कारण अल्बानो ओळ वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट धरतो, आणि पडदा लांब असला तरी हवेत बोट धरतोच. त्याला मध्येच तोडू नये. त्याने ‘बघण्याआधी’पर्यंत पोचावे.

(फ) आपला निर्णय ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच, २८ जूनपूर्वी, माझ्या नावे पाठवावा. अल्बानोच्या नावे कोणताही कागद पाठवू नये. ‘नाही’ असल्यास कार्यक्रमाच्या दिवशी मी घरी कोबी चिरत बसेन आणि आपल्याला पुन्हा त्रास देणार नाही. ‘होय’ असल्यास ३० तारखेला दुपारी चार वाजता मी बेर्नार्दिनोच्या कॅफेत अल्बानोच्या समोरच्या खुर्चीत बसेन, पडद्याकडे पाठ करून. मला पडदा बघायचा नाही.

आपल्या होकाराची वाट पाहणारी, आणि नकार आलाच तर तोही वाचू शकणारी,

(सही) एर्मेलिंदा दा कॉन्सेइसाँव फ्रेइताश
साँव मामेद, दि. १२ जून २०१९

सोबत :
१) आठ कडवी, माझ्या अक्षरात. आठवे वेगळ्या कागदावर, घडी घालून. ते पट्टी करणाऱ्यानेच उघडावे.
२) अभिप्रायाचा कोरा नमुना एक. ‘अत्यंत असमाधानी’ असा रकाना त्यात नव्हता, तो मी आखून घेतला आहे व त्यावर फुली मारली आहे.
३) मजकूर खरा असल्याबद्दल ओलिंपिया बार्रोझो हिची सही. ती तिने माझ्या सहीपेक्षा मोठी केली आहे, याची नोंद घ्यावी.